फ्लॉप्या टाकू नका, गेम नंतरही मिळेल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर आवरताना दादाच्या खोक्यात साडेतीन इंची बावीस फ्लॉप्या, सव्वापाच इंची मोठ्या पाच आणि तीन सीड्या सापडल्या. लेबलांवर पेननं ‘प्रिन्स’, ‘डेव्ह’, ‘डूम’ अशी नावं आहेत. तुम्ही एका अबँडनवेअर साइटवरून, म्हणजे मालकांनी विकणं सोडलेले जुने गेम देणाऱ्या साइटवरून, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ उतरवून घेतलात. तो चालला, पण ‘तो हा नव्हेच’ असं वाटलं. म्हणून तुम्ही विचारता की असे गेम उतरवणं कायद्यात बसतं का, आणि गेम पूर्वीसारखा दिसावा-वाजावा यासाठी काय करायचं. मग जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिता, ‘गेम मिळालाच आहे, तर फ्लॉप्या भंगारात टाकू ना?’

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. बाकीचं महिनाभरानं केलंत तरी काही बिघडत नाही. फ्लॉप्यांचं मात्र बिघडतं.

टाकू नका. ‘प्रिन्स’ची डॉस (विंडोजआधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टीम) आवृत्ती जगभर असंख्य लोकांनी जपून ठेवली आहे. ती उद्या मिळेल, दहा वर्षांनीही मिळेल. पण तुमच्या फ्लॉपीवर गेमच्या शेजारी दोन चिमुकल्या फायली असण्याची शक्यता आहे: प्रिन्स डॉट एसएव्ही आणि प्रिन्स डॉट एचओएफ. पहिलीत कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह केलेला डाव असतो. दुसरीत असते राजकन्येपर्यंत पोचलेल्यांची यादी, साठ मिनिटांतला किती वेळ शिल्लक राहिला त्यासकट. तिथे कुणाचं नाव आहे, दादाचं की तुमचं, हे जगातली कुठलीच साइट सांगू शकणार नाही. त्या फायलींची प्रत फक्त त्या खोक्यात आहे.

जुन्या डिस्कवरचा डेटा वाचून देण्याचं काम मी गेली अठरा वर्षं करतो. लोक माझ्याकडे गेम मागायला येतात, आणि निम्म्या वेळा थबकतात ते गेमपाशी नाही, तर यादीतल्या नावापाशी. तुमच्या प्रश्नातही मला हाच गुंता दिसतो. गेम, गेम ज्या मशीनवर चालायचा ते मशीन, आणि त्या मशीनवर तुम्ही दोघांनी मिळून खेळलेला डाव, या तीन गोष्टी तुमच्या मनात एकाच नावाखाली साठल्या आहेत. डाउनलोड केल्यावर त्यातली फक्त पहिली मिळाली. ‘तो हा नव्हेच’ असं वाटलं ते म्हणूनच.

आता फ्लॉप्या. त्यातल्या किती वाचल्या जातील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. त्या कोरड्या जागी होत्या की दमट, स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ होत्या का, कोणत्या बनावटीच्या होत्या, यावर सगळं अवलंबून आहे. तीस वर्षांनी पहिल्या झटक्यात वाचलेल्या फ्लॉप्या मी पाहिल्या आहेत आणि बारा वर्षांत मेलेल्याही. पण सुरुवात कशी करायची ते सांगता येतं.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी प्रत्येक फ्लॉपी उजेडात धरा. साडेतीन इंचीची धातूची झडप बोटानं सरकवा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवा आणि आतली तपकिरी फिल्म पूर्ण एक फेरा होईपर्यंत पाहा. ती एकसारखी चकचकीत हवी. पांढुरके ठिपके किंवा धुरकट पट्टा दिसला तर ती बुरशी आहे. गोल गोल रेघ दिसली तर तिथला लेप खरवडला गेला आहे. बुरशीची फ्लॉपी बाजूला ठेवा, ड्राइव्हला लावू नका. पहिल्या वर्षी मी घाई केली आणि तशीच एक फ्लॉपी आत सारली. बुरशी हेडला, म्हणजे ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाला, चिकटली, ‘खर्र’ असा आवाज आला, तरी मी ‘पुन्हा प्रयत्न करा’वर दाबत राहिलो. ती फ्लॉपी गेलीच, पण मळक्या हेडनं पुढच्या दोन निरोगी फ्लॉप्याही ओरखडल्या. त्या दोन माझ्या नव्हत्या. त्यानंतर मी दर दहा फ्लॉप्यांमागे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो आणि खरखर ऐकू आली की त्या क्षणी थांबतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लिहिण्याची वाट बंद करा. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी राहील अशी खिट्टी सरकवा. सव्वापाच इंचीला उलटं असतं, तिथे कडेची खाच चिकटपट्टीनं झाकायची. हे विसरलात तर ऑपरेटिंग सिस्टीम तुम्हाला न विचारता फ्लॉपीवर काहीबाही लिहू शकते. आणि ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न आला तर उत्तर नेहमी ‘नाही’.

साध्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर १.४४ एमबीच्या सरळ फ्लॉप्या वाचता येतात. फायली एकेक करून ओढून घेऊ नका, आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फायलीत हुबेहूब प्रत, काढा. अशा फ्लॉपीवर ८० ट्रॅक, दोन बाजू आणि दर ट्रॅकला ५१२ बाइटांचे १८ सेक्टर असतात. म्हणजे इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटांची हवी. डीडीरेस्क्यूसारखं साधन वापरलंत तर ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि अडलेल्या सेक्टरांकडे नंतर वळतं. मरणासन्न फ्लॉपीसाठी हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण ती शेवटची फेरी असू शकते.

मोठ्या पाच फ्लॉप्यांना यूएसबी ड्राइव्ह उपयोगाचा नाही. त्यासाठी जुना सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं छोटं कार्ड लागतं. ही कार्डं बाइट वाचत नाहीत, फिल्मवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात, त्यामुळे कमजोर झालेला ट्रॅक अनेक फेऱ्या वाचून नंतर सावकाश जुळवता येतो. शिवाय त्या काळच्या अनेक मूळ डिस्कांवर कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम वेडेवाकडे सेक्टर असत, तेही यात टिपले जातात. पाच फ्लॉप्यांसाठी तुम्ही हे सगळं जमवावं असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या. फक्त मूळ डिस्क आणि पूर्ण इमेज, दोन्ही परत मागा.

इमेज निघाल्या की त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येकीचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) लिहून ठेवा, दोन वेगळ्या जागी प्रती ठेवा आणि खेळायला तिसरी प्रत घ्या. लेबलांचे फोटोही काढा, दोन्ही बाजूंचे. शाई उडत जाते. आणि हो, जुन्या फ्लॉप्यांवर मायकेलअँजेलो, स्टोन्ड असले बूट सेक्टर व्हायरस (फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की जागे होणारे) अजून झोपलेले सापडतात. आजच्या मशीनला त्यांचा उपद्रव नाही, पण ती फ्लॉपी जुन्या खऱ्या मशीनला लावून सुरू करू नका.

याच बाबतीत एक घडलेली गोष्ट. ‘प्रिन्स’ १९८९ साली ॲपल टू या संगणकावर आला. त्याचा मूळ सोर्स कोड तो गेम बनवणाऱ्या खुद्द जॉर्डन मेकनर यांनाही बरीच वर्षं सापडत नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात साडेतीन इंची डिस्का मिळाल्या. जुन्या डिस्कांच्या जाणकारांनी त्या वाचल्या आणि तो कोड मेकनर यांनी सगळ्यांसाठी खुला केला. त्या राजपुत्राची धाव, उडी, कठड्याला लटकणं, हे सगळं मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून, त्याचं चित्रीकरण करून फ्रेमगणिक उतरवलं होतं. खोकं कुणाच्याही घरातलं असो, ते टाकण्याआधी वाचून घ्यावं असं मी म्हणतो ते यामुळेच.

आता कायद्याचं. ‘अबँडनवेअर’ हा खेळणाऱ्यांनी रूढ केलेला शब्द आहे, कायद्यात अशी वर्गवारी नाही. मालकानं विकणं थांबवलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. बर्न करारानुसार कॉपीराइट निदान लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं टिकतो आणि अनेक देशांत त्याहून जास्त. डॉसवरचा कुठलाही गेम नुसता जुना झाला म्हणून मोकळा झालेला नाही. आणि इथे तुम्हाला थोडं कटू सांगतो: लेबलवर पेननं नाव लिहिलंय याचा अर्थ बहुधा ती दादानं मित्राकडून उतरवलेली प्रत आहे. तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. पण ‘माझ्याकडे डिस्क आहे, म्हणजे गेम माझाच’ हा युक्तिवाद त्या प्रतींना लागू होत नाही. सीड्या छापील असतील तर गोष्ट वेगळी.

मालक खरंच हरवलेले असतात का? कधी कधी हक्क इतके विखुरतात की मालकांनाच पत्ता नसतो. ‘सिस्टीम शॉक २’ बनवणारी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० साली बंद पडली आणि त्या मालिकेचे हक्क एका विमा कंपनीकडे जाऊन बसले. जुने गेम परत आणणाऱ्या नाइटडाइव्ह कंपनीनं तिच्याशी बोलणी करून २०१३ साली गेम पुन्हा विक्रीला आणला. ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’च्या बाबतीत त्यांनीच तसा प्रयत्न केला, पण तीन बड्या कंपन्यांपैकी कुणाकडे नेमकं काय आहे याचा उलगडा होईना आणि तो गेम आजही दुकानात मिळत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नव्हते. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दूरवरून वापरू द्यावेत ही मागणी २०२४ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं नाकारली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. ज्या वस्तूला दुकान नाही, तिला निदान वाचनालय तरी हवं.

मग मी स्वतः काय करतो? आधी गेम कुठे विकत मिळतो का ते पाहतो. गॉग हे दुकान २००८ पासून नेमकं हेच करतंय आणि तिथले बरेच डॉस गेम डॉसबॉक्ससकट (आजच्या मशीनवर जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर) तयार मिळतात. मिळत असेल तर विकत घेतो, कारण पुढचा जुना गेम कुणी परत आणावा असं वाटत असेल तर हा विकला गेला पाहिजे. मग मालकानं स्वतःहून फुकट केलाय का ते बघतो. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३ मध्ये, ‘द एल्डर स्क्रोल्स: अरीना’ २००४ मध्ये, ‘डॅगरफॉल’ २००९ मध्ये आणि पहिला ‘कमांड अँड कॉन्कर’ २००७ मध्ये असे फुकट झाले. ‘डूम’चा पहिला भाग १९९३ पासून शेअरवेअर म्हणून वाटायला मोकळाच आहे. त्याचा सोर्स कोडही १९९७ साली खुला झाला, पण पूर्ण गेमचे नकाशे, चित्रं आणि आवाज अजून विकायचेच आहेत. कोड खुला म्हणजे गेम फुकट, असा घोळ बरेच जण करतात.

यातलं काहीच नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर हजारो डॉस गेम ब्राउझरमध्येच चालवता येतात. यानं हक्कांचा प्रश्न पूर्ण सुटतो असं नाही, पण तुमच्या मशीनवर अनोळखी एक्झी फाइल उतरत नाही. आणि ‘तो हाच का’ हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. कुठेच न मिळणाऱ्या गेमच्या बाबतीत लोक अबँडनवेअर साइटकडे जातात हे मला माहीत आहे, आणि त्यांतल्या कित्येक साइट चालवणाऱ्यांनीच एरवी नष्ट झाले असते असे गेम वाचवले, हेही खरं आहे. ते कायदेशीर आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. निर्णय तुमचा. पण निदान एवढं सांभाळा: १९९० च्या आसपासच्या गेमची झिप काही शे केबीची, फार तर काही एमबीची असते. तिच्याऐवजी विंडोजचा चाळीस एमबीचा ‘डाउनलोडर’ आला तर तो उघडू नका.

आता तुम्ही ज्यासाठी लिहिलंत ते: दिसणं, वाजणं आणि वेग.

वेगाचं कारण सोपं आहे. पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. त्या काळच्या काही गेमांनी घड्याळ पाहिलंच नाही, नुसते आकडे मोजत वेळ काढला. मशीन दुप्पट वेगाचं झालं की राक्षसही दुप्पट वेगानं धावायचे. कॅबिनेटवरचं टर्बोचं बटण याचसाठी असायचं, मशीन हळू करायला. डॉसबॉक्समध्ये हे काम सायकल्सचा आकडा करतो. तो ‘ऑटो’वर सोडू नका, ३००० वर पक्का करा आणि खेळता खेळता कंट्रोल-एफ११ नं कमी, कंट्रोल-एफ१२ नं जास्त करत जा. ‘डूम’ला कितीतरी जास्त लागेल. बरोबर आकडा तुमची बोटं सांगतील. उडीची वेळ बोटांत बसलेली असते, डोक्याच्या आधी त्यांना कळतं. तो आकडा सापडला की त्या गेमच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की राजपुत्र ‘जाडसर आणि बुटका’ वाटला. तो तुमचा भास नाही. तो गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचा आहे, पण ते चित्र चारास तीन आकाराच्या मॉनिटरवर ताणून दिसायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा वीस टक्के उंच होता. आजच्या स्क्रीनवर ठिपके चौकोनी पडतात आणि माणसं दबतात. कॉन्फिगमध्ये ‘ॲस्पेक्ट’ चालू करा, तो परत उंच होईल. काही लोक यावर काळ्या आडव्या रेघांचा फिल्टर चढवतात. माझ्या मते व्हीजीए (त्या काळचं पीसीचं चित्र दाखवणारं कार्ड) गेमसाठी ते चूक आहे. व्हीजीए कार्ड या २०० रेघा दुप्पट करून ४०० दाखवायचं, त्यामुळे पीसीच्या मॉनिटरवर तशा ठळक काळ्या फटी नव्हत्याच. ती आठवण टीव्हीला जोडलेल्या गेमांची आहे.

आवाजाच्या बाबतीत आधी दादाला एक विचारा: त्या मशीनमध्ये साउंड कार्ड होतं का? डॉसबॉक्स न विचारता साउंड ब्लास्टर हे त्या काळचं साउंड कार्ड लावतो, आणि मग गेम तुम्ही कधीच न ऐकलेलं संगीत वाजवतो. ते चांगलंच आहे, पण तुमचं नाही. तुमच्याकडे फक्त आतला छोटा स्पीकर असेल तर कॉन्फिगमध्ये साउंड ब्लास्टरचा प्रकार आणि ओपीएल (त्या कार्डावरची संगीताची चिप), दोन्ही ‘नन’ करा. काटे वर येतानाची ती कोरडी टकटक परत येईल. मी ओळखीच्या एका गृहस्थांना हा एकच बदल करून दिला होता. पुढची वीस मिनिटं ते माझ्याशी बोललेच नाहीत, खेळत बसले.

सीड्यांबद्दल थोडक्यात. नुसत्या फायली कॉपी करू नका आणि साधी आयएसओही काढू नका. त्या काळच्या अनेक गेमांचं संगीत ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असायचं, ते आयएसओमध्ये येत नाही. बिन आणि क्यू या दोन फायलींच्या जोडीत इमेज काढा. विंडोज ९५ च्या काळातले काही इन्स्टॉलर सोळा बिटांचे आहेत, ते आजच्या ६४ बिटी विंडोजवर उघडणारच नाहीत. सेफडिस्कसारखी कॉपी रोखणारी कुलुपं असतील तर विंडोज १० पासून तीही अडतात. अशा वेळी झगडत बसण्यापेक्षा ८६बॉक्स या इम्युलेटरमध्ये आख्खं जुनं मशीन उभं करणं सोपं जातं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी फ्लॉप्या पाहून वाचणं, मग इमेज जपणं, मग दादाशी बोलून मशीन कोणतं होतं ते ठरवणं, आणि सेटिंगला हात सगळ्यात शेवटी. दादाशी बोलताना मशीनच्या पलीकडचंही विचारा. कळा कोण दाबायचं आणि शेजारी बसून ‘आता उडी मार’ कोण म्हणायचं? बहुतेक घरांत एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचे. तुम्ही एकट्यानं डाउनलोड केलेला ‘प्रिन्स’ निम्माच होता, हेही एक कारण असू शकतं. जमलं तर पहिला डाव दोघं मिळून खेळा, आणि इम्युलेटरची दर पावलाला सेव्ह करायची सोय त्या दिवशी बंद ठेवा. आणि चीट कोड वापरायचाच असेल तर लक्षात घ्या, गेम सुरू करताना टाइप करायच्या आज्ञेत पहिल्या आवृत्तीला ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ हा शब्द लागतो आणि नंतरच्या १.३ नि १.४ ला ‘इम्प्रूव्ह्ड’. दादाला कोणता शब्द आठवतो त्यावरून त्याच्याकडे कोणती आवृत्ती होती तेही कळेल.

‘प्रिन्स’ लिहिलेली फ्लॉपी आधी घ्या. तिची इमेज निघाली की आतल्या फायलींची यादी, आकार आणि तारखा मला पाठवा. एचओएफ फाइल असेल तर ती उघडण्याआधी तिची प्रत बाजूला काढून ठेवा. गेम संपला की तो त्याच फाइलमध्ये नवं नाव लिहायला बघतो.